जाहिरात-श्रेयनिर्धारण

जाहिरात-श्रेयनिर्धारण : एखाद्या मालाची वा सेवेची विक्री झाल्यावर तिचे श्रेय जाहिरातीच्या निरनिराळ्या माध्यमांपैकी कोणाला व किती द्यावयाचे, हे ठरविण्याच्या पद्धतीस ‘जाहिरात-श्रेयनिर्धारण’ असे म्हणतात. वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाणी, रस्त्यांवरील फलक, टपालाने धाडलेली पत्रके, तसेच संगणक व मोबाइल फोन यांवरील जाहिराती अशा अनेक माध्यमांवर विक्रेता एकाच वेळी खर्च करीत असतो. ग्राहक मात्र खरेदी एकदाच करतो आणि तीमागे कोणती जाहिरात होती हे तो सांगत नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. जाहिरातीवरील खर्चापैकी निम्मा वाया जातो, परंतु निम्मा कोणता हे कळत नाही, अशा आशयाचे एक वचन अमेरिकन व्यापारी जॉन वॉनमेकर (१८३८–१९२२) व ब्रिटिश साबण-उद्योजक लॉर्ड लीव्हरह्यूम (१८५१–१९२५) या दोघांच्याही नावे सांगितले जाते. श्रेयनिर्धारण हा त्या अज्ञात निम्म्याचा शोध होय.

या विषयात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. खरेदीपूर्वी ग्राहकापर्यंत कोणकोणत्या जाहिराती पोहोचल्या, हा पहिला प्रश्न. त्या पोहोचल्या नसत्या तर विक्री कितीने घटली असती, हा दुसरा. पहिला नोंदींचा, तर दुसरा कार्यकारणभावाचा आहे. व्यवहारात पहिल्याचे उत्तर सुलभ असल्याने तेच दुसऱ्याचे उत्तर म्हणून वापरले जाते आणि या क्षेत्रातील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच आढळते. पुढील वर्षीचा खर्च कोणत्या माध्यमावर करावयाचा, जाहिरातसंस्थेस व मध्यस्थांस किती मोबदला द्यावयाचा आणि कोणते माध्यम बंद करावयाचे, हे निर्णय या उत्तरावरच घेतले जात असल्याने ही चूक केवळ तात्त्विक राहत नाही [→ जाहिरात, विपणन].

ऐतिहासिक आढावा : श्रेयनिर्धारणाची सर्वांत जुनी रीत टपालाने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी रूढ केली. एकाच मालाची जाहिरात निरनिराळ्या नियतकालिकांत देताना प्रत्येक जाहिरातीतील पत्त्यात वा कापून पाठवावयाच्या कूपनावर वेगळा खूणक्रमांक छापला जाई. आलेल्या मागणीपत्रांवरील खुणा मोजल्या, की कोणत्या नियतकालिकाने किती मागण्या आणल्या हे कळे. अमेरिकन जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२) यांनी सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग (१९२३) या पुस्तकात या रीतीचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि खूणक्रमांकाची पद्धत टपालविक्रीपुरतीच उपयोगी होती. दुकानातून होणाऱ्या विक्रीला खूण नसते, तसेच नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील जाहिरातीतून कूपन कापून घेता येत नाही.

या अडचणीमुळे जाहिरातदारांनी विक्रीऐवजी प्रसार मोजण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्रांचा खप प्रमाणित करणारी ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ ही संस्था अमेरिकेत १९१४ मध्ये व भारतात १९४८ मध्ये स्थापन झाली. जाहिरात किती जणांपर्यंत पोहोचली याचा अंदाज अशा संस्थांच्या आकड्यांवरून येतो; तिच्यामुळे किती माल खपला, हे त्यांवरून समजत नाही.

विक्री व जाहिरातखर्च यांची सांख्यिकीय सांगड घालण्याचे प्रयत्न १९५० नंतर झाले. जाहिरातीचा परिणाम लगेच संपत नाही, तो पुढील महिन्यांत झिरपत राहतो. अशा विलंबित परिणामांच्या मापनासाठी डच अर्थशास्त्रज्ञ एल्. एम्. कॉइक यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत उपयोगी ठरली. क्रिस्टिअन पाल्डा यांनी १९६४ मध्ये लिडिया पिंकम या अमेरिकन औषधी कंपनीच्या १९०७ ते १९६० या काळातील विक्रीचे व जाहिरातखर्चाचे आकडे घेऊन जाहिरातीचा संचित परिणाम मोजला. सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये जाहिरातीच्या अशा साठत व विरत जाणाऱ्या प्रभावाला ‘ॲडस्टॉक’ म्हणजे ‘जाहिरातसाठा’ असे नाव दिले.

इंटरनेटच्या प्रसारानंतर चित्र पालटले. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती प्रसिद्ध झाल्या. त्यांवर क्लिक करताच वाचक जाहिरातदाराच्या पृष्ठावर जात असे. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ‘कुकी’ची युक्ती निघाली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकात ठेवलेली लहानशी ओळखखूण. तीवरून तोच संगणक पुन्हा आल्याचे ओळखता येते. जुन्या कूपनाचा खूणक्रमांक अशा रीतीने प्रत्येक जाहिरातीला आपोआप लागू झाला आणि ग्राहकाची वाट टप्प्याटप्प्याने नोंदता येऊ लागली.

नियमाधिष्ठित पद्धती : नोंदलेल्या वाटेवरील जाहिरातींत श्रेय वाटण्याचे काही ठरावीक नियम आहेत. ते पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होतील. एका कुटुंबाने १५,००० रुपयांचे धुलाईयंत्र घेतले. खरेदीच्या २१ दिवस आधी त्यांनी त्याची चित्रफीत-जाहिरात मोबाइलवर पाहिली, १४ दिवस आधी एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील जाहिरात, ७ दिवस आधी विक्रेत्याचा ई-मेल आणि खरेदीच्या दिवशी शोधयंत्रात यंत्राचे नाव टाइप केल्यावर वर आलेली जाहिरात पाहिली.

(१) अंतिम-संपर्क नियम : सर्व १५,००० रुपयांचे श्रेय शोधयंत्रावरील जाहिरातीस मिळते. हिशेब सोपा असल्याने हा नियम दीर्घकाळ सर्वाधिक प्रचलित होता. (२) प्रथम-संपर्क नियम : सर्व श्रेय चित्रफितीस मिळते. (३) समान वाटप : चौघांना प्रत्येकी ३,७५० रुपये. (४) कालक्षय नियम : संपर्क जितका जुना, तितके श्रेय कमी. दर सात दिवसांनी वजन निम्मे होते असे मानल्यास श्रेय अनुक्रमे १,०००, २,०००, ४,००० व ८,००० रुपये होते. (५) स्थानाधारित नियम : पहिल्या व शेवटच्या संपर्कास प्रत्येकी ४० टक्के व उरलेले २० टक्के मधल्यांत विभागून, म्हणजेच ६,०००, १,५००, १,५०० व ६,००० रुपये.

ग्राहक एक, यंत्र एक, वाटही एकच. तरीही वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचे श्रेय नियमानुसार शून्यापासून ३,७५० रुपयांपर्यंत बदलते. यांपैकी कोणताही नियम निरीक्षणातून सिद्ध झालेला नाही. ते वाटपाचे संकेत आहेत. गूगल कंपनीने यांतील प्रथम-संपर्क, समान, कालक्षय व स्थानाधारित हे नियम आपल्या जाहिरातसेवेतून २०२३ मध्ये काढून टाकले आणि अंतिम-संपर्क नियमाच्या जोडीला केवळ आधारसामग्रीवरून गणना करणारे प्रतिमान ठेवले.

गणिती प्रतिमाने : नियम आधी न ठरविता असंख्य ग्राहकांच्या नोंदींवरून श्रेय काढण्याच्या दोन पद्धती विशेष प्रसिद्ध आहेत. पहिली अमेरिकन गणितज्ञ लॉइड शॅप्ली (१९२३–२०१६) यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या संकल्पनेवर आधारलेली आहे. अनेकांनी मिळून मिळविलेला लाभ त्यांच्यांत न्याय्य रीतीने कसा वाटावा, हा तिचा मूळ विषय होता [→ खेळ सिद्धांत]. शॅप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. समजा, केवळ चित्रफितीमुळे ४०, केवळ शोधजाहिरातीमुळे २० व दोन्ही एकत्र असल्यास ९० जादा नग विकले जातात. चित्रफीत आधी आली असे धरल्यास तिची भर ४० व शोधजाहिरातीची ५०; क्रम उलटा धरल्यास शोधजाहिरातीची भर २० व चित्रफितीची ७०. दोहोंची सरासरी घेता चित्रफितीचे श्रेय ५५ व शोधजाहिरातीचे ३५ होते आणि बेरीज ९० जुळते. दुसरी पद्धत रशियन गणितज्ञ आंद्रेई मार्कॉव्ह (१८५६–१९२२) यांच्या संभाव्यताशृंखलेची आहे. तीत एका जाहिरातीवरून दुसरीकडे व शेवटी खरेदीकडे जाण्याच्या संभाव्यता काढतात. मग एखादे माध्यम साखळीतून वगळल्यास खरेदीची संभाव्यता कितीने कमी होते ते पाहून त्या प्रमाणात श्रेय देतात.

या पद्धती पूर्वीच्या नियमांपेक्षा सुसंगत आहेत. परंतु त्यांचे उत्तर त्यांत घातलेल्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वसनीय होऊ शकत नाही. वरील उदाहरणातील ४०, २० व ९० हे जाहिरातीमुळेच झालेल्या वाढीचे आकडे असतील, तरच ५५ व ३५ या उत्तरांना अर्थ आहे. मार्कॉव्ह पद्धतीत माध्यम ‘वगळणे’ हे कागदावरील गणित असते. प्रत्यक्षात ते माध्यम बंद करून पाहिलेले नसते. शिवाय फलक, छापील वृत्तपत्र, शेजाऱ्याने केलेली शिफारस यांची नोंद वाटेवर होतच नाही. त्यामुळे त्यांचे श्रेय नोंद होणाऱ्या माध्यमांच्या पदरात पडते.

श्रेय व कार्यकारणभाव : नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीसमोरील रांगेत त्याच नाटकाची हस्तपत्रके वाटली, तर पत्रक मिळालेल्यांपैकी जवळजवळ सर्वजण तिकीट घेतील, परंतु त्यामुळे एकही तिकीट जास्त खपले असे म्हणता येणार नाही. शोधयंत्रावरील व ग्राहकाचा माग काढून दाखविलेल्या जाहिराती पुष्कळदा अशा रांगेतच वाटल्या जातात. कारण खरेदीची शक्यता ज्याच्या बाबतीत अधिक त्यालाच जाहिरात दाखवावी, असे त्यांचे तंत्र असते. काळाच्या बाबतीतही हाच घोटाळा होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापडाच्या व वाहनांच्या जाहिराती वाढतात आणि खपही वाढतो. मात्र त्या वाढीचा मोठा भाग सणामुळे असतो. दोन गोष्टी बरोबर घडल्या, एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही.

यावरील उपाय शेतीच्या प्रयोगांतून आला. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथील संशोधनकेंद्रात आर्. ए. फिशर (१८९०–१९६२) यांनी १९२० नंतरच्या दशकात खतांचा परिणाम अजमावण्यासाठी जमिनीचे तुकडे यादृच्छिक रीतीने निवडण्याची पद्धत विकसित केली. त्याच धर्तीवर काही ग्राहकांना वा प्रदेशांना सोडतीने निवडून जाहिरात दाखवितात, इतरांना दाखवीत नाहीत आणि दोन्ही गटांच्या विक्रीतील फरक मोजतात. हा फरक म्हणजे जाहिरातीमुळे झालेली वृद्धी होय.

ईबे कंपनीचा प्रयोग : या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण ईबे या अमेरिकन विक्रीस्थळाचे आहे. ही कंपनी शोधयंत्रांवरील जाहिरातींवर मोठा खर्च करीत असे. कोणी ‘ईबे’ हेच नाव शोधले, तरी निकालांच्या शिरोभागी कंपनीची सशुल्क जाहिरात येई आणि खाली तिचाच विनामूल्य दुवा असे. मार्च २०१२ मध्ये कंपनीने याहू व एमएसएन या शोधयंत्रांवरील स्वतःच्या नावाशी निगडित जाहिराती थांबविल्या. थांबलेल्या क्लिकपैकी ९९·५ टक्के ग्राहक विनामूल्य दुव्यावरून तसेच येत राहिले. अंतिम-संपर्क नियमाने या जाहिरातींना दिलेले श्रेय जवळजवळ सर्वच निराधार होते.

पुढे कंपनीने स्वतःच्या नावाव्यतिरिक्त इतर शब्दांवरील जाहिराती अमेरिकेच्या सुमारे ३० टक्के विभागांत ६० दिवस बंद ठेवल्या. टॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को व स्टीव्हन टाडेलिस यांनी या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. नवखे व क्वचित येणारे ग्राहक या जाहिरातींमुळे वाढतात. परंतु नेहमीच्या ग्राहकांवर त्यांचा मोजण्याजोगा परिणाम होत नाही आणि बहुतेक खर्च तर त्यांच्यावरच होत होता, असे दिसून आले. नेहमीच्या सहसंबंधाच्या गणिताने या खर्चावरील परतावा चार हजार टक्क्यांहून अधिक येत होता. प्रयोगाने तो उणे ६३ टक्के ठरला. म्हणजे १०० रुपये खर्चून ३७ रुपयेच परत येत होते. हा निष्कर्ष सर्वपरिचित कंपनीचा आहे. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, अशा नव्या विक्रेत्यास तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

श्रेय नेहमी फाजीलच दिले जाते असेही नाही. रँडल लुइस व डेव्हिड रायली यांनी याहूवरील जाहिरातींबाबत एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याच्या १६ लाख ग्राहकांवर यादृच्छिक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. जाहिरातींमुळे खरेदी ५ टक्क्यांनी वाढली. या वाढीपैकी ९३ टक्के वाढ प्रत्यक्ष दुकानांत झाली आणि ७८ टक्के वाढ जाहिरातीवर कधीच क्लिक न केलेल्या ग्राहकांकडून झाली. क्लिक मोजून श्रेय देणाऱ्या पद्धतीला हा परिणाम बहुतांशी दिसलाच नसता.

प्रयोगांच्या मर्यादा : प्रयोग करावयाचा तर काही ग्राहकांपासून जाहिरात दूर ठेवावी लागते आणि विक्री गमावण्याच्या भीतीने विक्रेते त्यास सहसा राजी नसतात. दुसरी अडचण सांख्यिकीय आहे. माणसागणिक खरेदीत प्रचंड तफावत असते, तर माणशी जाहिरातखर्च अगदी अल्प असतो. त्यामुळे लाखो ग्राहकांचे प्रयोगही निःसंदिग्ध उत्तर देत नाहीत. लुइस व जस्टिन राव यांनी २०१५ मध्ये २५ मोठ्या प्रयोगांची छाननी केली, तेव्हा परताव्याच्या अंदाजातील अनिश्चिततेची मध्यक व्याप्ती १०० टक्केबिंदूंहून अधिक आढळली. प्रयोगाऐवजी केवळ नोंदींवर प्रगत सांख्यिकी वापरून भागत नाही, असे फेसबुकवरील १५ प्रयोगांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. तशा पद्धतींची उत्तरे प्रयोगांच्या उत्तरांपासून अनेकदा बरीच दूर होती. म्हणून प्रयोगाने मिळालेले आकडे विपणनमिश्रणाच्या सांख्यिकीय प्रतिमानात आधार म्हणून घालावयाचे, असा मध्यममार्ग अनेक कंपन्या स्वीकारतात. अशा प्रतिमानात व्यक्तीची वाट न पाहता आठवड्या-आठवड्याची एकूण विक्री, प्रत्येक माध्यमावरील खर्च, किंमत, ऋतू व सण यांचा एकत्र विचार केला जातो.

हितसंबंध व गैरप्रकार : श्रेयानुसार पैसा मिळत असल्याने श्रेय लाटण्याचा मोह उत्पन्न होतो. ग्राहक पाठविल्याबद्दल दलाली घेणारे काही मध्यस्थ, वाचकाने कोणत्याही जाहिरातीवर क्लिक केले नसताना त्याच्या संगणकात आपली कुकी गुपचूप घुसवतात. पुढे त्याने आपण होऊन खरेदी केली, तरी दलाली मध्यस्थाला मिळते. ईबे कंपनीच्या बाबतीत असे करणाऱ्या दोघांना अमेरिकेत २०१४ मध्ये कारावासाची शिक्षा झाली. बेकायदा नसलेला, पण अधिक व्यापक असा प्रश्न हितसंबंधांचा आहे. जाहिरातीची जागा विकणाऱ्या बड्या कंपन्याच तिचा परिणाम मोजण्याची साधनेही पुरवितात. म्हणजे माल विकणारा आणि तराजू धरणारा एकच असतो. अंतिम-संपर्क नियमाने खरेदीच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या माध्यमास लाभ होतो. मालाची प्रथम ओळख करून देणाऱ्या वृत्तपत्रांसारख्या माध्यमांचे काम हिशेबात दिसत नाही. त्यांचे उत्पन्न घटण्यास इतरही कारणे आहेत. परंतु जे मोजता येते त्याकडेच पैसा वळतो, हेही त्यांपैकी एक होय.

खाजगीपणाचा प्रश्न : ग्राहकाची वाट नोंदणे म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणे, या जाणिवेतून निर्बंध आले. यूरोपीय संघाचा आधारसामग्री-संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून अंमलात आला. ॲपल कंपनीने आपल्या सफारी या ब्राउझरमध्ये त्रयस्थांच्या कुकी २०२० मध्ये पूर्णतः रोखल्या आणि एप्रिल २०२१ पासून आयफोनवरील ॲप्सना माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याची अनुमती घेणे सक्तीचे केले. गूगलने क्रोम या ब्राउझरमधून अशा कुकी काढून टाकण्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले होते. तो बेत जुलै २०२४ मध्ये सोडून देण्यात आला. या घडामोडींमुळे व्यक्तिगत वाटेच्या नोंदी अपुऱ्या पडू लागल्या आणि एकूण आकड्यांवर चालणाऱ्या जुन्या सांख्यिकीय पद्धतींना व प्रादेशिक प्रयोगांना पुन्हा महत्त्व आले.

भारतातील परिस्थिती : आकाशवाणीच्या विविध भारतीवर व्यापारी जाहिरातींचा प्रारंभ १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून झाला, दूरदर्शनवर जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून येऊ लागल्या. प्रेक्षकसंख्येचे मापन २०१५ पासून ‘बार्क इंडिया’ ही मुंबईस्थित संस्था करते. मापनाची ही साधने प्रसाराची आहेत. साबण, चहा, तेल यांसारखा माल मोठ्या प्रमाणावर किराणा दुकानांतून विकला जातो व तेथे ग्राहकाच्या नावाची नोंद नसते. अशा मालाला वाटेवर आधारलेले श्रेयनिर्धारण लागूच पडत नाही. उलट, वृत्तपत्रे व वाहिन्या भाषावार विभागलेल्या असल्याने आणि वृत्तपत्रांच्या जिल्हावार आवृत्त्या निघत असल्याने, काही जिल्ह्यांत जाहिरात देऊन व काहींत न देऊन तुलना करणे येथे शक्य आहे. मात्र जिल्ह्यांची निवड सोडतीने व्हावयास हवी आणि सणासुदीचा काळ दोन्हीकडे सारखाच मोजला जावयास हवा. डिजिटल वैयक्तिक आधारसामग्री संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. ग्राहकांच्या व्यक्तिगत नोंदी ठेवून त्यांचा माग काढणाऱ्या विक्रेत्यांना त्यातील संमतीविषयक तरतुदींचा विचार करावा लागतो. जिल्हावार विक्रीच्या आकड्यांवर होणाऱ्या तुलनेस मात्र कोणा एका ग्राहकाचे नाव लागत नाही.